पानातलं मीठ

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. ऐन प्रकल्पाच्या दिवसांत होस्टेलचं पाणी आटलं आणि सगळ्या मुलींना घरी धाडलं. सरांच्या परवानगीने प्रयोगशाळेतला पाण्यातून वीज किती जाते ते मोजणारा सुईचा मीटर मी बरोबर घेतला. फोंड्याचा घाट उतरेपर्यंत तो मांडीवर होता आणि एस.टी.च्या प्रत्येक धक्क्याला माझा जीव त्याच्या काचेत.

मालवणजवळच्या आमच्या घरी आईची वांगी मरत होती. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकी. मी एक खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. कापल्या जागेतून दुधासारखी बारीक धार खाली सरकत गेली. ते जंतू. आई हळहळली, पण मी खूश. मला हेच हवं होतं.

हा वांग्याचा जंतू तंबाखूच्या पानात सोडला, तर तंबाखू त्याला ओळखते. जिथे तो भिडतो, तिथल्या पेशी आपल्यातलं पोटॅशियम बाहेर सोडतात, बाहेरचे आम्लाचे कण आत घेतात आणि काही तासांत मरून जातात. जंतू त्या मेलेल्या तुकड्यात अडकतो, बाकीचं पान वाचतं. बाहेर पडणारे हे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, मोजायचे, तर पानाच्या चकत्या शुद्ध पाण्यात ठेवायच्या. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम जाते. आयन मिसळले की मीटरची सुई चढते. आईला मी एवढंच सांगितलं, "जंतू शिरलो की पानातला मीठ भायर येता."

बाबा गॅरेजमधून गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी घेऊन आले. कोल्हापूरहून आणलेल्या कुंडीतल्या तंबाखूच्या एका पानात मी जंतू सोडले, दुसऱ्यात नुसतं पाणी. कागदाला भोकं पाडायच्या पंचने चकत्या कापल्या आणि दोन काचेच्या वाट्यांत तरंगत ठेवल्या.

दुपारी मीटर लावला, तर दोन्ही वाट्यांत सुई थेट टोकाला! धडधाकट पानसुद्धा एवढं पोटॅशियम सोडतंय? मी मीटर तपासला, तारा पुसल्या. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. ते म्हणाले, "खारो वारो लागलो असतलो," आणि त्यांनी समुद्राकडच्या खिडक्या लावून घेतल्या. नवं पाणी घेतलं तर सुई शांत. म्हणजे दोष वाट्यांतच. जेवायला बसले तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

आई भात वाढता वाढता म्हणाली, "तुज्या त्या पाण्याक काय खारटपणा नाय हां."

"तुका कसा कळला?"

"चाखलंय मा! दोनय वाट्यांत बोट बुडवून बघलंय. तूच सांगलंस, मीठ भायर येता म्हणान."

"आणि त्याआधी काय करी होतंस?"

"बांगड्यांक मीठ लावी होतंय. पण हात पुसललंय हां पदराक!"

बाबांना असा ठसका लागला की मला उठून त्यांची पाठ चोळावी लागली. आईला आधी राग आला, मग भीती वाटली. "गो, माका ते जंतू बाधूचे नाय मां?" ते माणसाला काही करत नाहीत, हे ऐकल्यावर तीही हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मांडलं. आईने वाट्यांवर जाळीचं झाकण घातलं आणि ताक मागायला आलेल्या शेजारणीलाही ओटीवर येऊ दिलं नाही. उन्हं कलली, तशी जंतूंच्या वाटीतली सुई हळूहळू चढू लागली. दुसरीतली जवळपास होती तिथेच. बाबा फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे मोठ्याने आकडे वाचत होते आणि प्रत्येक आकड्याला आई "वाढला गो!" म्हणत होती. पाठ्यपुस्तकात वाचलेलं आमच्या ओटीवर घडत होतं. मी आनंदाने टाळ्याच पिटल्या.

सकाळी झाडावरच्या पानात जंतू सोडलेला भाग कागदासारखा सुकला होता. आई वाकून बघत राहिली.

"तितकोच तुकडो मेलो. बाकी पान हिरवागार आसा." मग तिने विचारलं, "माज्या वांग्यांक ह्या कित्याक जमूक नाय?"

"तेंका तो जंतू वळखताच येणा नाय, आई."

"मगे शिकव तेंका! इतक्या शिकलंस ता कित्याक?"

ते काही मला जमलं नाही. जंतू मातीत राहतो म्हणून मी तिला वांग्यांची जागा बदलायला लावली. जुन्या वाफ्यात तिने भेंडी लावली, आणि ती इतकी आली की आई येईल तिच्या पदरात भेंडी घालू लागली; शेवटी शेजारणी आमच्याकडे यायच्याच थांबल्या.