कार्डावरचं विमान

बँकेचं विमानप्रवासाचं क्रेडिट कार्ड आमच्या अख्ख्या आळीत फक्त माझ्याकडं आहे. विमानात मात्र मी अजून बसलेलो नाही.

सकाळी गच्चीवर बायको पापड वाळत घालत होती, तेव्हा वरून एक विमान गेलं. मागं पांढरी रेघ राहिली. मी मान वर करून बघत बसलो. माझ्या सायकलच्या दुकानासाठी टायर मी कार्डावर घेतो, त्याचे पॉइंट पडतात, आणि पॉइंट साठले की तिकीट फुकट, एवढं चौथी नापासालाही कळतं. पण तिकिटाएवढे साठायच्या आत वर्ष सरतं आणि कार्डाची फी येते. काल परत आली. भरावी की कार्ड बंद करून साठलेले पॉइंट बुडवावेत? रेघ पुसट होत होती. वरच्यांना आमची गच्ची दिसत असेल का, कोण जाणे.

"भरून टाकतो फी," मी म्हणालो. "पुढच्या साली तुला विमानानं माहेरी नेतो."

तिनं पापड उलटला.

"गेल्या साली पण हेच बोललात. तिकडं आई आजारी आहे. तिच्या गावात विमान उतरत नाही, एसटी थांबते. बायकांना अर्धं तिकीट, त्याला कार्ड लागत नाही. मी उद्या निघते. तुम्ही वर बघतच बसणार, तर पापडांवरचे कावळे तेवढे हाकला."