आठाची नळी, दहाची नळी

"दहाची कुठली आन् आठाची कुठली, हे आता त्या नळ्यांनाच ठाऊक, वन्सं. मला विचारू नका."

"मग कुणाला विचारू? शेपट्या तूच छाटल्यास ना?"

"तुम्ही जावेचं पुराण लावलंत. माझे कान तिकडं, हात इकडं. हात काय थांबतात होय?"

रायफलीला नळ्या बसवणारी ही बाई. नेमबाजीचा अख्खा क्लब तिला वहिनी म्हणतो, तिच्या बापाच्या वयाचे म्हातारेसुद्धा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा लेथ आहे, सासऱ्याच्या हातचा. सासऱ्यानं सुनेला शिकवलं, कारण लेथ सुरू झाला की त्याच्या पोराला डुलकी लागायची. तो पोरगा, म्हणजे वहिनीचा नवरा, आता शाळेची बस चालवतो, आणि तिथं जागा असतो असं त्याचं म्हणणं आहे.

नळीच्या आत मळसूत्रासारख्या पिळाच्या खाचा असतात. त्यांतून गोळी गरगरत निघते म्हणून सरळ जाते. आठाची नळी म्हणजे आठ इंचांत गोळीचा एक फेरा, दहाची म्हणजे दहा इंचांत. गोळी जितकी लांबोडी, तितकी तिला गिरकी जास्त लागते. कमी पडली की झिंगलेल्या पाहुण्यासारखी वाटेतच कलंडते. हा आकडा कारखानेवाले नळीच्या मागच्या टोकावर ठोकतात, आणि बसवणाऱ्याला पहिल्यांदा तेच टोक इंचभर छाटावं लागतं. म्हणून छाटायच्या आधी आकडा खडूनं नळीवर लिहायचा. वहिनीचा खडू कानावर राहिला. दोन्ही शेपट्या किसाच्या डब्यात पडल्या, आणि कुठली कुणाची ते कळायला मार्ग नाही.

एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण रविवारी हजार मीटरची निवड होती. संघात जागा एकच, आणि तिच्यावर डोळा दोघांचा: एक वन्सं, म्हणजे वहिनीची थोरली नणंद, घरं रंगवणारी, दुसरा दातांचा डॉक्टर. वन्सं कैक वर्षं राखीव म्हणून बाकावर बसून कंटाळल्या होत्या. डॉक्टरनं आठाची नळी मागवली होती, वन्संनी हट्टानं दहाची. एकदा नळीत काडतुसाचं घर कोरलं की ती परत जात नाही, आणि दुसरी मागवायला वेळ नव्हता.

"मोजू या," वहिनी म्हणाली. "गज धरा."

गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून तो नळीत सरकवायचा. चिंधी खाचांत रुतली की गज आपोआप फिरतो. एक पुरा फेरा होईस्तोवर किती इंच आत गेला, ते पट्टीनं बघायचं. वन्संनी सरकवला, वहिनीनं मोजलं.

"चौदा."

"चौदाची कुणी मागवली होती? तुझ्या बसवाल्यानं?"

"चिंधी सैल आहे, घसरतेय. तुमच्या भावासारखी. घट्ट गुंडाळा."

घट्ट चिंधीनं गज आडमुठ्या बैलासारखा ओढत गेला, पण खरं बोलला. डावी नळी दहाची, उजवी आठाची. वहिनीनं पुन्हा मोजून खात्री केली.

"झालं. तुमची दहाची चढवते."

वन्सं गप्प. तेवढ्यानंच वहिनीला शंका आली, कारण वन्सं गप्प म्हणजे तब्येतीची चौकशी करण्याजोगी गोष्ट.

"तुम्ही निवडीसाठी त्या नव्या लांब गोळ्या आणल्यात, त्या जुन्या नळीतून मारून बघितल्यात?"

"बघितल्या."

"मग?"

"कागदावर भोकं लांबट पडली. मला वाटलं, नळी झिजली."

"झिजलेली नळी गोळ्या फाकवते. भोक लांबट म्हणजे गोळी आडवी गेली. जुनी नळीसुद्धा दहाचीच ना?"

"दहाचीच. त्याच मापावर इतकी वर्षं काढली, म्हणून तीच मागवली." वन्संनी उजव्या नळीवरून बोट फिरवलं. "वहिनी, दोन्ही दिसायला सारख्याच आहेत गं. आकडेही गेलेत."

"आपण मोजल्या की."

"आपण दोघींनीच."

वहिनीनं कानावरचा खडू काढला आणि उजव्या नळीवर ठसठशीत लिहिलं: डॉक्टर.

"तुमच्यासाठी मी भांडेन, जेवायला घालीन, नवऱ्याला तुमच्या बाजूनं उभा करीन," ती म्हणाली. "दुसऱ्याची नळी देणार नाही. लांब गोळ्यांचा नाद सोडा. आखूड गोळी दहातून सुतासारखी सरळ जाते."

"आखूड गोळीला वारा ढकलतो."

"मग वारा ओळखा. शिडीवर रंगाची बादली टांगून रोज वारा अंगावर घेता, तो काय फुकट?"

वन्संनी तिला लेथसकट नावं ठेवली आणि फळीवरची आखूड गोळ्यांची पेटी काखोटीला मारून निघून गेल्या.

रविवारी वारा घडीघडीला पलटत होता. डॉक्टरची आठाची नळी झकास चालली. तिच्याकडं बोट दाखवायला जागा नव्हती. पण मैदानावरचा वाऱ्याचा बावटा हलला की मग तो रायफलीवरच्या दुर्बिणीचं चाक फिरवून नेम सरकवायचा, आणि वन्सं बावटा हलायच्या आधीच. शिडीवरच्या बाईला वारा मानेला कळतो. एखाददुसरी गोळी वाहवली, बाकीच्या मधोमध जाऊन बसल्या. थोडक्यात का होईना, जागा वन्संची झाली. डॉक्टरनं हात मिळवला आणि वन्संची पडलेली दाढ फुकट बसवून द्यायचं कबूल केलं. त्यांनी लगेच तोंड उघडून खिंडार दाखवलं.

सोमवारी वन्सं शेडच्या दारात हजर.

"आता संघात आहे. मला आठाची नळी मागव."

"मागवताना तर दहावर जीव होता."

"तेव्हा मी राखीव होते."

"मागवते. फक्त ती आली की घरी बसायचं. जावेचं पुराण फोनवर सुद्धा नको."

"आणि ऐकायचं असेल तर?"

"तर लेथ बंद करून ऐकीन." वहिनीनं चष्मा नाकावर सरकवला, क्लबातल्या कुणाची तरी अडकलेली रायफल शिकंज्यात आवळली आणि कानस उचलली. "सरका जरा, उजेड अडवताय."