सत्तावीस पायऱ्या

दत्तोपंत मास्तर रस्त्यात भेटलेल्या माणसाला रामराम घालायचे विसरत, पण वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, दिसला की सायकलवरून उतरत. त्या दगडापुढून चालत जात आणि पुढे गेल्यावर पुन्हा टांग टाकत. "म्हातारी माणसं हायेत. त्यांच्या समोरून बसून जाऊ न्हाई," म्हणत. आम्ही दोघे जालन्यात एकाच शाळेत. ते चित्रकला शिकवत, मी गणित. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी बदनापूरकडच्या सपाट गाडीवाटेने आमची फेरी ठरलेली: वीरगळ, पडकी गढी आणि शेवटी एका गावाची बारव, पायऱ्यांची जुनी विहीर. मला दगडांत काडीचा रस नव्हता. मी त्यांच्या डब्यातल्या धपाट्यांसाठी जात असे.

प्रत्येक ठिकाणी ते चित्र काढत. मी एकदा म्हणालो, गढीचा पडका बुरूज कागदावर तरी उभा करा. तर म्हणाले, "जे हाये तेच काढावं. जे पाह्यजे ते काढू न्हाई."

बारव गाळाने बुजलेली होती. गाव आडाचे, दोराने शेंदलेले पाणी पीत असे. मास्तर दोन उन्हाळे गावकऱ्यांच्या मागे लागले. "एवढं सोनं गाडून ठेवलं अन् दोर वढून राह्यले," असे चिडवत. अखेर पाटलाने मनावर घेतले. गाळ निघाला, सत्तावीस पायऱ्या उघड्या पडल्या. कोनाड्यातल्या देवीला शेंदूर लागला, बायका घागरी घेऊन थेट पाण्यात उतरू लागल्या. मास्तरांनी शेवटच्या पायरीवर बसून ओंजळभर पाणी प्यायले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू निघाला. पायाला फोड येतो, तो फुटून दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर पाय सडतो. घरोघर माणसे ओट्यावर पाय पसरून बसली, पेरण्या राहिल्या. मास्तरांच्या पोटरीलाही फोड आला. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, नारू झालेला माणूस पाण्यात उतरतो, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षाने नारू होतो. पायऱ्या बंद करा.

पाटील ऐकेना. "देवीची वाट कशी बुजवावी? तुमीच उघडाया लावली ना, मास्तर?"

"व्हय. मंग मीच बुजवतो."

पोटरीला काडी बांधून ते सायकलवर बसले. वीरगळापाशी मी म्हणालो, "आज तरी उतरू नका." ते उतरले, लंगडत चालले. गढीचे ढासळलेले दगड आम्ही दोघांनी वाहिले आणि पायऱ्यांच्या तोंडाशी रचले. गावातून कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी भिंत छातीपर्यंत आली तेव्हा ते मटकन खाली बसले. "तुटला," म्हणाले. "एक थर राह्यलाय. दगड द्या."

मी दगड दिला. त्यांना उचलून गावातल्या एखाद्या बैलगाडीतून डॉक्टरकडे न्यायला हवे होते, हे कळत असूनही दिला.

पाय मांडीपर्यंत काळा पडला. पोळ्याच्या आधी ते गेले. त्यानंतर पाटलाने भिंत तशीच ठेवून बारवेच्या काठावर रहाट बसवला आणि दोनेक वर्षांत नारू हटला.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाळ निघाल्यावर काढून मला दिलेले बारवेचे चित्र मागून घेतले. उशीला टेकून त्या सत्तावीस पायऱ्यांवर पेन्सिलीने एकेक दगड काढत राहिले, पायऱ्या दिसेनाशा होईपर्यंत. ते चित्र माझ्याकडे आहे. एकदा मी खोडरबर हातात घेतला होता. तसाच ठेवून दिला.