दिल्लीला नेलेला जीवखडा

रिठदहून पहाटेच्या एस.टी.नं निघालो तेव्हा पोरानं शेवटचं सांगून पाहिलं, बाबा, राहू द्या, घरात दुःख ताजं आहे. मी म्हटलं, म्हणूनच चाललो. तो काय समजला ते त्यालाच माहीत. माझा एक हात बंडीच्या खिशातल्या चंचीवर (पानसुपारीची कापडी पिशवी) होता. परत येईपर्यंत तो तिथून फारसा हलला नाही.

दिल्लीत देशोदेशींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. संकरित ज्वारी बरी पिकवली अशा आम्हा काही जणांना ब्लॉक ऑफिसानं ते पाहायला न्यायचं ठरवलं. सोबतीला ऑफिसातला किसन होता. आमच्याच गावचा, बौद्ध घरचा, शिकून नोकरीला लागलेला. तोंडाचा फटकळ आहे. मीही तसाच, म्हणून आमचं जमतं.

वाशिमहून छोट्या गाडीनं खंडवा, तिथून मोठी गाडी. वाशीम सुटलं तशी दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेची ओटी सावरत गाडीकडे पाहत उभ्या राहायच्या. मी खिडकीकडे पाठ करून बसलो. माझी घरवाली दिवाळीच्या तोंडावर गेली होती.

चंचीत सुपारी होती, चुन्याची डबी होती आणि एक खडा होता. आमच्यात चितेभोवती फिरताना ज्या खड्यानं मडकं फोडतात त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस मेलेल्याचा जीव त्यात राहतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा नदीत सोडायचा. मन कशात अडकलं असलं तर कावळा शिवत नाही. पैनगंगेवर आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो. पोरगा म्हणाला, बाबाला सांभाळीन. सून म्हणाली, तुमची गाय विकणार नाही. लेकीनंही काय काय कबूल केलं. कावळे बाभळीवर बसून राहिले, खाली एक आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी निघाले. मी तिथं एक शब्द बोललो नव्हतो. नदीत मी दुसराच खडा टाकला. हा ठेवून घेतला.

तिचं मन कशात अडकलं हे मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. माणूस चंद्रावर गेला, तिथून दगड घेऊन आला, हे चावडीवरच्या रेडिओत ऐकून मी घरी सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "दगड आणाले इतक्या लांब गेले? आपल्या वावरात कमी हायेत काय? आन आणला असन त दाखवा म्हना मले." पुढं कोणी फुशारकी मारली की तिचं तेच, दाखवा म्हना. अमेरिकेनं तो दगड दिल्लीला मांडला आहे असं किसननं सांगितलं, आणि मी त्याच दिवशी माझं नाव दिलं.

गाडीत सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. सुनेनं दिलेली माझी तशीच वाळत चालली होती. खंडव्याच्या फलाटावर पुरीभाजी घेतली, ती कुत्र्यापुढं टाकली. किसननं आपला डबा पुढं केला, भाकर आणि ठेचा. मी नको म्हटलं.

"उपास करून राह्यले काकाजी, का रुसून राह्यले?"

"भूक नाही."

"भूक नाही, का माह्या डब्याची अडचन हाये?"

 खरं सांगायचं तर दोन्ही होतं. त्याच्या घरची भाकर मी आजवर खाल्ली नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

रात्रभर मला झोप नाही. कोणी जवळून गेलं की चंची चाचपायचो. समोरच्या माणसाला वाटलं असेल, म्हाताऱ्याजवळ सोनं आहे.

दिल्लीत थंडी अशी की दात वाजत होते. प्रदर्शन म्हणजे एक गावच वसवलं होतं. रशियाचा मांडव आणि अमेरिकेचा मांडव पाहिले आणि मला आपला पोळा आठवला. गावातले दोन मालक एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. एकानं बैलाला झूल घातली की दुसरा शिंगांना बेगड लावतो, आणि दोघांनाही वाटतं, गावानं आपल्याच जोडीजवळ थांबावं. इथं तेच. दोघंही हसून बोलावत होते, दोघंही फुकट बिल्ले वाटत होते. आमच्यातल्या एकानं दोन्ही देशांचे बिल्ले छातीला लावले. किसन म्हणाला, "पाहा, इथं कसे चूप बसले जवळ जवळ."

रशियाकडं ट्रॅक्टर होते, आणि चंद्रावर सोडलेल्या गाडीचा नमुना होता. एक गोरी बाई शुद्ध हिंदीत समजावत होती की आमच्या यंत्रानं माती आणली, माणसाचा जीव धोक्यात घातला नाही. मी विचारलं, ही गाडी आता कुठं आहे? म्हणाली, वहीं है बाबा, बंद पड़ गई. मी विचारलं, आणायला कोणी जाणार नाही? तिनं नाही म्हणून मान हलवली. मला तिथं उभं राहवेना.

अमेरिकेच्या दाराशी रांग होती आणि झडती होती. दारावरच्या मिशीवाल्या शिपायानं चंची टेबलावर उलटी केली. सुपारी पाहिली, डबी उघडून पाहिली, मग खडा उचलला. म्हणाला, आत पत्थर आहे आणि तू बाहेरून पत्थर घेऊन आला, अदलाबदल करतो का, का काच फोडतो? मी म्हटलं, नाही.  तो खडा फेकायला त्यानं हात मागं नेला आणि मी त्याचं मनगट धरलं. आणखी दोघं शिपाई धावून आले. मी मनगट सोडलं नाही.

रांगेतून किसन पुढं आला. "साहब," तो म्हणाला, "ये पत्थर नहीं है. इनकी घरवाली है." मग त्यानं कावळ्याचं आणि दगडाचं सगळं हिंदीत सांगितलं. ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. न खाणारा, न झोपणारा, चंची न सोडणारा माणूस पाहून त्यानं ताडलं असेल, आणि तिचं 'दाखवा म्हना' काय, दहाव्याचं काय, गावभर झालंच होतं.

शिपाई माझ्याकडं पाहत राहिला. "नाम क्या था?"

लग्न झाल्यापासून मी तिचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. "सुभद्रा."

"पत्थर मेरी मुट्ठी में रहेगा. चलो मेरे साथ."

काचेच्या पेटीत उजेडाखाली तो दगड होता. करडा, बोराएवढा. शिपायानं आजूबाजूला पाहिलं, मूठ काचेजवळ नेली आणि उघडली. "देख लो माताजी," हळूच म्हणाला. मागचे लोक ढकलत होते. मला वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. नाही झाली. बाहेर आल्यावर त्यानं खडा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्याची झडती घ्यायला लागला.

परतीचा सगळा रस्ता मला एकच घोर. पाहून झालं, आता तरी कावळा येईल ना?

रिठदला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच भात शिजवला आणि पैनगंगेवर गेलो. किसन न बोलावता सायकल घेऊन मागं आला. पिंड ठेवला, शेजारी खडा ठेवला. तिला सांगितलं, "पाह्यला आपन. खरंच हाये. लायनाच हाये, बोराएवढा, वावरातल्यावानी." कावळे बाभळीवर होते. ऊन चढलं. मी पुन्हा सांगितलं. एकही हलला नाही. 

"काकाजी," किसन मागून म्हणाला, "मी हे मानत नाही. पन तुमी तिले दगडाचंच सांगून राह्यले. तुमी जेवल्याबिगर ती कधी जेवली काय?"

"नाही."

"मंग कायले दगडाचं सांगता?"

मी पिंडाकडं पाहिलं. दहाव्याला सगळे बोलले होते, मीच तेवढा बोललो नव्हतो. "जेवतो मी," मी म्हटलं. "आजपासून जेवतो."

कावळा उतरला. किसन हसला नाही. मी खडा पाण्यात सोडला, हात धुतले आणि त्याच्या सायकलला लटकवलेला डबा मागितला.

आता गावात विचारतात, रशिया मोठा का अमेरिका? मी सांगतो, मला नाही कळलं. दोघंही आपापलं दाखवत होते. माझं जे होतं ते दारावरच्या एका शिपायानं मुठीत धरून आत नेलं, एवढं मला आठवतं. भाकर कशी होती ते विचाराल तर सांगतो. ठेच्यात मिरची जास्त होती. तरी मी दुसरी मागून घेतली.