भुऱ्याच्या पायांना लावलेलं तूप

डिसेंबरात आमची तुकडी बर्फातल्या पोस्टवर चढली. दहा जवान, आणि आधीच्या तुकडीनं मागं ठेवलेला पाळीव कुत्रा, भुऱ्या. मी हवालदार, लंगर म्हणजे स्वयंपाकघर माझ्याकडं. स्वभाव मुळातच संशयी. बायको म्हणते, चहात साखर कमी पडली तरी तुम्ही चौकशी बसवता.

पहिल्याच दिवशी मी हुकूम दिला: राशन माणसांचं, कुत्र्याला फक्त उरलंसुरलं. तिथं प्रत्येक डबा पाठीवरून चढवावा लागायचा, म्हणून मी कडक होतो.

लोकांना वाटतं, दाट केस असले की कुत्र्याला थंडी वाजत नाही. भुऱ्या शेपटीत नाक खुपसून बर्फातही झोपायचा, हे खरं. पण थंडी त्याला पायांतून गाठायची. बोटांमधल्या केसांत बर्फाचे खडे धरायचे आणि चालताना टोचायचे. मग तो थांबून ते दातांनी ओरबाडायचा आणि कातडी फाडून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात त्याच्या मागं रक्ताचे ठिपके दिसायचे. पुढं ते थांबले. का थांबले, याचा मी विचार केला नाही.

माझं लक्ष तुपावर होतं. डब्यातलं तूप मला रोज कमी वाटायचं. लान्स नाईक नामदेवच्या हातमोज्यांना तुपाचा वास यायचा. तो केदारखेड्याचा, मी जवळच्याच हसनाबादचा. गाववाला म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याच्यावर मी जास्तच नजर ठेवली. एका सकाळी ०५३० वाजता, पेट्रोलिंग पार्टी निघण्याआधी, त्याचं किट उघडायला लावलं. बूटपॉलिशच्या डबीत तूप निघालं.

"चोरलंस?"

"न्हाई, उस्ताद."

"मग कुठून आलं?"

तो डबीला झाकण लावू लागला.

"चोर तो चोर, वर शिरजोर," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "परत ये, मग साहेबांपुढं उभा करतो."

"जी, उस्ताद."

०५४५ ला पार्टी निघाली. भुऱ्याही सोबत गेला. ०९१० ला वायरलेस सेटवर आवाज आला.

"वरून बर्फ सुटला. एक जवान बर्फाखाली. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"नामदेव."

दोन तास खणलं. ११२० ला तो सापडला. जीव आधीच गेला होता.

संध्याकाळी त्याच्या शेजारी झोपणाऱ्या जवानानं मला सांगितलं. नामदेव महिनाभर कोरडी रोटी खात होता. स्वतःच्या वाट्याचं तूप डबीत साठवून रोज सकाळी भुऱ्याच्या बोटांमध्ये चोळायचा, म्हणजे बर्फ धरत नाही. माझ्या हुकुमाच्या धाकानं तो बोलला नव्हता. मी तुपाचा डबा तोलला. तूप बराबर होतं. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

फेब्रुवारीत सुट्टी मिळाली तसा मी केदारखेड्याला गेलो. त्याच्या आईसमोर बसून सगळं सांगितलं. त्याला चोर म्हणालो, तेही सांगितलं. माझ्यावर म्हातारीचा विश्वास बसत नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

"दिवाळीला आल्ता," ती म्हणाली. "तवा बी आधी कुत्र्याला भाकर टाकली त्यानं. मंग आता त्या कुत्र्याच्या पायाला कोन तूप लावून राह्यलं?"

"मी लावत होतो, आई. माझ्या वाट्याचं."

"तू तर हितं बसलास. मंग आज कोन लावंल?"

सुट्टीचे अकरा दिवस शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टवर परतायला जालन्याहून गाडी धरली.