खुडूक कोंबडीची रेघ

देवरीच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारी एक बाई बसली होती. पिशवीतून तिने पिसं चिकटलेली, काडेपेटीएवढी डबी काढली आणि संगणकाला जोडली. तापमान नोंदवणारी स्वस्तातली डबी. मागच्या खेपेला पिल्लं निघाली नाहीत, म्हणून तिने ती खुडूक कोंबडीखाली अंड्यांत ठेवली होती.

पडद्यावर सरळ रेघ उमटली. रोज दुपारी तेवढी एक खाच.

"दाना खायाले उठते," ती म्हणाली.

एका दुपारी खाच नव्हती. मी बोट दाखवलं.

तिने खालची तारीख वाचली. "त्या दिवशी गारा पडल्या. उपाशीच बसून राहिली माय." मग हळूच म्हणाली, "मी घरीच होती. मले नाही दिसलं."

आणि पाठीवरून फिरवावा तसा तिने त्या रेघेवरून हात फिरवला.