डाव्या कुशीवरून दिसणारं टेबल

सर्जेराव गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते वाचलं. सकाळी नेहमीसारखा वर्तमानपत्रं चाळायला कसबा बावड्यातल्या आमच्या वाचनालयात गेलो, तर दाराला कुलूप. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘वाचनालयाच्या सेविका शालनताई यांच्या यजमानांचे निधन झाल्याने आज वाचनालय बंद राहील.’ यजमान हा शब्द वाचून क्षणभर कळेचना की गेलं कोण. सर्जेरावला यजमान म्हणताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. माझं घर त्याच्यापासून चार घरं टाकून. त्या घरात दूध उतू गेलं तरी मला कळायचं, आणि माणूस गेलेला मला फळ्यावर वाचावा लागला. शालन वहिनींनी फोन का केला नाही, हे तिथं उभ्या उभ्याच माझ्या ध्यानात आलं. आज दीड महिन्यानं लिहायला बसलोय ते त्याच गोष्टीसाठी. मित्राचं गुणगान करून उठावं, अशी माझी परिस्थिती नाही.

सर्जेराव उद्यमनगरात लेथवर काम करायचा. सुट्टीच्या दिवशी पंचगंगेवर गळ टाकून बसायचा. एकदा बंधाऱ्याजवळ मोठा कटला लागला आणि बाजारातून आणलेला रॉड मधोमध मोडला. मासा गेला त्याचं त्याला काही नव्हतं, मोडलेल्या जागेकडं बघून तो म्हणाला, “मास्तर, ह्यो रॉड कुणाच्या हातासाठी केलाच न्हवता. नुसता केलाय.” त्यानंतर त्यानं घरीच रॉड करायला घेतले. मागच्या खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल टाकलं. फायबरच्या कोऱ्या कांड्या मुंबईहून मागवायच्या, मुठीसाठी कॉर्कच्या चकत्या लेथवर गोल करून आणायच्या, आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ज्यांतून पळतो त्या कड्या कांडीवर दोऱ्यानं बांधायच्या. दोरा कबनूरच्या यंत्रमागावरचा. तिथले दोघं-तिघं त्याच्याकडून रॉड करून घ्यायचे आणि येताना रिळं भरून आणायचे.

गिऱ्हाईक आलं की तो आधी मापच घ्यायचा. कोपरापासून बोटापर्यंत, मग मुठीचा घेर. नंतर अंगणात उभं करून हातात ओलं फडकं द्यायचा. “हं पावणं, मारा त्या पेरूच्या झाडावर.” चांगला पँटबुशर्टातला माणूस भर दुपारी पेरूच्या झाडावर ओली फडकी फेकतोय आणि हा पायरीवर बसून त्याचा खांदा बघतोय, असा तो कार्यक्रम असायचा. त्या फेकीवरून कुणाला ताठ काठी आणि कुणाला लवचीक, हे तो ठरवायचा. एकाची काठी दुसऱ्यानं वापरली तर त्याला चालायचं नाही. माझ्यासाठी मात्र त्यानं कधी केली नाही. मी त्याचीच जुनी वापरायचो. कधी विषय काढला की म्हणायचा, “तुजा हात मला पाठ हाय. कवाबी करीन की.”

या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग शेवटी असतो. कड्या बांधल्या की दोऱ्यावर रेझीन चढवायचं. दोन बाटल्यांतलं सारखं मोजून कालवायचं, ब्रशनं लावायचं आणि काठी दोन खाचेच्या ठोकळ्यांवर आडवी ठेवायची. मग ते घट्ट होईपर्यंत दर दहा मिनिटांनी काठी पाव फेरा फिरवत बसायचं. तीन तास, कधी चार. यासाठी मोटार मिळते, त्यानं बसवूनही बघितली होती, पण महिन्याभरात काढून टाकली. “मोटारीला ओघळ दिसत न्हाय,” तो म्हणाला. “एका अंगावर पडू दिलं की रेझीन खाली उतरतंय, आन् एकदा बसलं की बसलंच.” शाळेतून निवृत्त झाल्यावर हे फिरवण्याचं काम माझ्याकडं आलं. गणिताचा मास्तर, पाव फेऱ्याचा हिशेब मला नीट जमायचा. चहा, गप्पा, मधेच घड्याळाकडं बघून एक पाव फेरा... आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायच्या झाल्या तर त्यातल्या बहुतेक त्या खोलीतल्या निघतील.

गेल्या गळीत हंगामात रस्त्यावर सांडलेल्या उसावरून त्याची मोटारसायकल घसरली. मार मानेला बसला. शुद्ध होती, बोलणं होतं, पण मानेखाली सगळं बधिर. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. दोन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी वहिनींना बजावून सांगितलं होतं, हवेची गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायची. त्याला दुखणार नाही, म्हणून तर बदलायची. वहिनींनी लगेच एक तक्ता केला आणि पलंगाशेजारी भिंतीवर चिकटवला. तारीख, वेळ, आणि डावी, उजवी, पाठ. बदललं की खूण करायची. वहिनींची नोकरी दुपारी बारा ते सहा. मुलगी हातकणंगल्याला दिलेली, तिला रविवारीच यायला जमायचं. मी म्हटलं, “दुपारचं माझ्यावर सोडा, वहिनी.” वहिनींचे डोळे भरून आले. दोनची आणि चारची खूण माझी ठरली.

पलंग त्याच मागच्या खोलीत टाकला होता. पाठीवर झोपवला की त्याला पंखा दिसायचा, उजव्या कुशीवर भिंत, आणि डाव्या कुशीवर टेबल. पहिले काही आठवडे मी अगदी शिस्तीत फिरवलं. मग एके दिवशी तो म्हणाला, “मास्तर, तुजी काठी ऱ्हायलीय न्हवं? कर आता. मी सांगतो, तू कर.” मला किती आनंद झाला ते लिहायची लाज वाटते. अपघातापासून पहिल्यांदा तो काहीतरी मागत होता, हे खरंच. पण माझी काठी होणार याचाही आनंद होता. तो लपवून काय उपयोग?

त्या दिवसापासून आमच्या दुपारी परत सुरू झाल्या. वहिनी बारा वाजता त्याला डाव्या कुशीवर करून जायच्या. मी टेबलाशी बसायचो. कांडी हाताखाली गोल गोल लोळवून तिचा कल कुठल्या बाजूला आहे ते शोधायचं, कारण कड्या त्या कलावर बसतात. माझ्या हाताला तो चार दिवस सापडत नव्हता. “आरं डोळं मीट की मर्दा, डोळ्यानं घावतोय व्हय त्यो!” तो पलंगावरून ओरडायचा. घरात त्याचा ओरडा परत ऐकू यायला लागला म्हणून शेजारच्या बायकासुद्धा दारातून डोकावून गेल्या. दोन वाजता मी त्याला वळवायला उठलो, तर म्हणाला, “थांब की. मधेच दोरा सुटंल.” अर्ध्या तासानं परत उठलो. तेव्हा चिडला. “मला भितीकडं तोंड करून मारतोस व्हय? मला काय दुखतंय? कर खूण आन् बस.”

मी खूण केली.

छत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. उत्तर बघितल्याशिवाय बरोबरची खूण केली नाही. त्यासाठी मी शाळेत बदनाम होतो, मुख्याध्यापकसुद्धा वैतागायचे. आणि त्या तक्त्यावर, त्याच सवयीच्या लाल पेनानं, मी दोनची खोटी खूण केली, आणि चार वाजता चारचीही केली. दुसऱ्या दिवशी मन खायला लागलं, तिसऱ्या दिवशी थोडं कमी. पुढं पुढं तर मी दोनच्या खुणेबरोबर चारचीही उरकून टाकायचो, म्हणजे मधे उठायला नको. बारा ते सहा तो एकाच अंगावर असायचा. रविवार सोडून रोज. तीन आठवडे.

एकदा वहिनींनी विचारलं होतं. मी निघत होतो, त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. “भाऊजी, डाव्या खुब्यावर जरा लाल दिसतंय. फिरवताय न्हवं?” मी म्हणालो, “म्हणजे काय! तक्ता बघा की.” त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्या वेळी सांगितलं असतं तर... तेव्हा नुसतं लालच होतं. पण कड्या बांधून झाल्या होत्या आणि फक्त रेझीन उरलं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं मी स्वतःला समजावलं.

रेझीन लावलं त्या दुपारी ऊन चांगलं होतं. मी मापून कालवलं, लावलं, आणि खुर्ची ओढून बसलो. दहा मिनिटं झाली की तो पलंगावरून म्हणायचा, “फिरीव.” मी पाव फेरा फिरवायचो. परत दहा मिनिटांनी, “फिरीव.” चार तास आम्ही दोघांनी त्या काठीवरून नजर काढली नाही. मी एकही पाळी चुकवली नाही. सहाला वहिनी आल्या तेव्हा रेझीन घट्ट झालं होतं आणि सर्जेराव हसत होता. मी काठी त्याच्या चेहऱ्याजवळ धरली. त्यानं डोळे बारीक करून टोकापासून मुठीपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “एक डाग न्हाय. शिकलास लगा.” मीही हसत होतो. त्याच्या अंगावरची चादर मी दुपारभर उचलून बघितलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ते लाल काळं पडलं. मग फुटलं. आत हाडापर्यंत खड्डा होता, वरून रुपयाएवढा दिसत होता. ताप चढला. त्याला कळत काहीच नव्हतं, उलट मलाच धीर द्यायचा, “कातडं हाय, भरंल की.” दवाखान्यात हलवलं तेव्हा विष रक्तात भिनलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि वहिनींना विचारलं, “घरी दर दोन तासांनी फिरवत होता का?” वहिनींनी पिशवीतून घडी घातलेला तक्ता काढून पुढं धरला. मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी बोट फिरवत एकेक रकाना बघितला. निळ्या खुणा वहिनींच्या, लाल माझ्या. एकही रिकामा नव्हता. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही सगळं व्यवस्थित केलंय. एवढं करूनही कधी कधी होतं.” वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अकरा दिवसांनी तो गेला, आणि मी फळ्यावर वाचला.

तेराव्याला मी गेलो, जेवलो, काही न बोलता परत आलो. त्यानंतर हा लेख लिहायला घेतला. पण लिहून झाल्यावर सरळ छापायला देणं मला जमेना. वर्तमानपत्राची पुरवणी सगळ्यात आधी वहिनींच्याच हातात पडणार, त्याच ती वाचनालयाच्या पेपरांच्या काठीला लावणार. म्हणून गेल्या मंगळवारी भर दुपारी कागद घेऊन वाचनालयात गेलो. कुणी वाचक नव्हता. वहिनींनी चष्मा लावून सगळं वाचलं, उभ्यानंच. मग कागद टेबलावर ठेवून सारखे केले.

“मला ठाऊक हुतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “बाराला मी चादर जशी खोचून जायची, तशीच सहाला असायची. माणूस वळवला की चादर तशी ऱ्हाती व्हय?”

मी विचारलं, “मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“ते जेवायला लागले हुते. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, काठी एकदा झाली की तुम्ही फिरवाल. मी त्या लाल जागेवर पावडर लावत बसले... दवाखान्यात मात्र तक्ता मुद्दाम काढला. म्हटलं, आता तरी बोलाल. तुम्ही न्हाय बोलला. म्हणून मग मीबी फोन केला न्हाय.”

मी कागद उचलायला गेलो. त्यांनी त्यावर हात ठेवला.

“छापा. पर माझंबी लिवा त्यात. एकट्याचं लिवू नगा.”

म्हणून हे लिहिलं. निघताना त्या म्हणाल्या, “घरावरनं जावा आन् काठी न्या.” मी म्हणालो, “मला ती नको, वहिनी. कुणालातरी देऊन टाका.” “कुणाला देऊ?” त्या म्हणाल्या. “तुमच्या मापानं केलीय. दुसऱ्याच्या हाताला चालायची न्हाय.”

काठी आता माझ्या खोलीत दाराच्या मागं उभी आहे. पाण्यावर नेलेली नाही, नेणारही नाही. पण दिवसातून एकदा तरी हातात घेतो. मूठ हाताला इतकी बेतशीर बसते की धरलंय असं वाटत नाही. मग खिडकीच्या उजेडात धरून बोटानं एकेक कडी चाचपतो, कुठंतरी एखादा ओघळ सापडावा म्हणून. नाही सापडत. सगळ्या अंगानं सारखी आहे.